मेजर गिल, पारो आणि अजिंठ्याच्या भिंती

गेल्या हिवाळ्यात बाभुळगाव आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांतली मुलं-मुली घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. यवतमाळ, कारंजा, अकोला, खामगाव, बुलढाणा असा लांबचा प्रवास. विहारात लहानपणापासून पद्मपाणीचं चित्र पाहिलेली ही पोरं, पण प्रत्यक्ष लेणी कुणीच पाहिली नव्हती. परतताना गाडी अजिंठा गावात थांबवली आणि पारोची कबर पाहिली. दोन दिवसांत लेण्यांवर जेवढी चर्चा झाली नाही तेवढी त्या एका कबरीवर झाली. गाडी अकोल्याला पोचेपर्यंत वाद चालू होता. तो ऐकतानाच वाटलं, की गोऱ्या साहेबाची आणि गावातल्या पोरीची ही गोष्ट आपण एकदा नीट मांडली पाहिजे. सिनेमा पाहून आलेल्यांसाठी तर जास्तच.

रॉबर्ट गिलचा जन्म 1804 सालचा, लंडनचा. विशीत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला. पलटण 44वी मद्रास नेटिव्ह इन्फंट्री. लढाईत नाव कमावलेला हा अधिकारी नव्हे. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता, निशाणा अचूक होता आणि वाघाच्या शिकारीचं त्याला वेड होतं. 1841 मध्ये फ्रान्सिस नावाच्या इंग्रज तरुणीशी त्याचं लग्न झालं, मुलं झाली. इथवर त्याचं आयुष्य कंपनीच्या शेकडो अधिकाऱ्यांसारखंच होतं.

अजिंठ्याची लेणी त्याच्या आधी पंचवीस वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या नजरेला पडली होती. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातलाच अधिकारी वाघाच्या मागावर वाघोरा नदीच्या घळीत आला आणि दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून गेला. त्याला लेण्यांचा शोध म्हणायची आपल्याकडे सवय आहे. घळीत गुरं चारणाऱ्यांना, समोरच्या लेणापूरच्या लोकांना ती लेणी ठाऊकच होती. गावाच्या नावातच लेणं आहे. पण ज्याला लिहिता येतं आणि ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचा शोध इतिहासात लागतो. हे आम्ही मुलांना दहाव्या लेण्यातच उभं राहून सांगितलं. पुढे पारोची गोष्ट समजायलाही त्याचा उपयोग होतो.

1843 मध्ये जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. भिंतींवरची चित्रं ओल, वटवाघळं आणि माणसं मिळून नष्ट करत आहेत, ती जाण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवा, अशी मागणी सोसायटीने कंपनीकडे लावून धरली. कंपनीच्या संचालकांनी होकार दिला. 1844 मध्ये हे काम गिलकडे आलं. वय चाळीस. घरी तरुण बायको, लहान लेकरं. पुढची जवळपास वीस वर्षं तो कॅनव्हासवर तेलरंगात अजिंठा उतरवत राहिला.

काम कसं होतं याची कल्पना आज तिकीट काढून, रेलिंगला धरून लेणी पाहणाऱ्याला येणं कठीण. तेव्हा मुलूख निजामाचा. घळीत दाट जंगल, वाघ, आग्या मोहोळं. आत अंधार. भिंतींवर शतकांची काजळी. उन्हाळ्यात खडक तापतो, पावसाळ्यात वाघोरा फुगते. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहत असे. तिथून लेणी तीन-चार कोसांवर, फर्दापूरच्या बाजूने उतरून जायचं. लंडनहून रंग आणि कापड यायला महिनोन् महिने लागत. तब्येत वारंवार बिघडे. अशा ठिकाणी फ्रान्सिसचा जीव रमला नाही यात नवल नाही. पुढे ती मुलांसह इंग्लंडला परतली. लग्न मोडलं नाही, फक्त मध्ये समुद्र आला.

आणि या सगळ्यात कधीतरी पारो आली.

पारोबद्दल पक्क्या कागदाइतकं मजबूत काय आहे, तर एक दगड. अजिंठा गावातल्या तिच्या कबरीवर इंग्रजीत कोरलेलं आहे, की ही गिलच्या प्रिय पारोची स्मृती, आणि ती 23 मे 1856 रोजी गेली. एवढंच. तिच्या बापाचं नाव नाही, वय नाही, गाव नाही, जात नाही. बाकीचं सगळं लोकांच्या तोंडून आलेलं. ती लेणापूरची. ती रानातून फुलं, पानं आणायची, त्यातून रंग तयार करून गिलला द्यायची. तिला भिंतीवरच्या गोष्टी सांगता येत. साहेबाला तिची भाषा येत नव्हती, तिला साहेबाची. गावाला ते खपलं नाही. तिच्या मृत्यूची तर जितकी तोंडं तितकी कारणं: कुणी साथीच्या आजाराचं म्हणतं, कुणी विहिरीचं, कुणी विषाचं.

गाडीतल्या वादाची सुरुवात इथूनच झाली. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, की साहेबाची जन्मतारीख, पलटणीचा नंबर, बायकोचं नाव, मुलांची नावं, सगळं माहीत आहे, मग पारोचं आडनाव कुणालाच कसं माहीत नाही? दोघा-तिघांनी हसून तो विषय टाळला. पण प्रश्न अगदी नेमका होता. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला दोन वर्षांत जे शिकवलं ते या एका प्रश्नात आहे. गिल सरकारी नोकर होता म्हणून त्याची प्रत्येक हालचाल दप्तरात आहे: रजा, आजार, रंगाची मागणी, बढती. पारो कुणाच्याच दप्तरात नाही. ती आहे ती केवळ साहेबाने दगडावर लिहिलं म्हणून. त्याने लिहिलं नसतं तर ती अजिंठ्याच्या कथेत गावातली एक पोरगी म्हणूनसुद्धा उरली नसती.

मग हे प्रेम म्हणायचं का? गाडीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं सरळ होतं: गोरा अधिकारी, गावातली गरीब मुलगी, नकार द्यायची सोय तरी होती का तिला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की ज्याला नुसतं भोगायचं असतं तो दगडावर नाव कोरत नाही. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं आणि दोन्ही अपुऱ्या वाटतात.

त्या काळाची रीत पाहू. अठराव्या शतकात कंपनीचे कितीतरी अधिकारी हिंदुस्थानी बायकांबरोबर उघड राहत. त्यांना बीबी म्हणत. मृत्युपत्रांत त्यांच्या नावे पैसे ठेवलेले सापडतात. पण कंपनी सत्ताधारी होत गेली तसं वारं फिरलं. 1791 मध्येच कंपनीने हिंदुस्थानी आईच्या मुलांना आपल्या वरच्या नोकरीची दारं बंद केली, 1795 मध्ये सैन्यातही त्यांना बँडवाल्यासारखी कामंच उरली. म्हणजे साहेबाने बाई ठेवायला कुणाची ना नव्हती, पण तिच्या पोटचं लेकरू साहेब होता कामा नये. आपल्याकडच्या वतनदारांना ही व्यवस्था अजिबात नवी वाटली नसेल. गिलच्या काळापर्यंत असे संबंध लपवायची गोष्ट झाली होती, आणि पारोच्या मृत्यूनंतर वर्षभरात 1857 उजाडलं; त्यानंतर तर गोऱ्या-काळ्यांतली भिंत पक्कीच झाली. या पार्श्वभूमीवर चालत्या रस्त्याच्या गावात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, आपल्या पलटणीतल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत, विवाहित अधिकाऱ्याने तिला प्रिय म्हणणं हे सोपं नव्हतं. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

पण ते इंग्रजीत लिहिलं, हेही विसरू नये. ज्या गावात ती जगली त्या गावातल्या कुणालाही ते वाचता येत नव्हतं. तिला स्वतःलाही आलं नसतं.

ना. धों. महानोरांनी याच कथेवर अजिंठा हे दीर्घकाव्य लिहिलं. पळसखेडचा हा कवी त्याच डोंगराच्या कुशीतला, त्यामुळे पारो त्यांच्यासाठी शेजारची मुलगी होती. त्यावर 2012 मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंनी चित्रपट काढला, सोनाली कुलकर्णींनी पारो साकारली. आमच्या पोरांना पारो माहीत होती ती तिथून. (2023 च्या ऑगस्टमध्ये देसाई आणि महानोर एका दिवसाच्या अंतराने गेले, हा योग अजूनही मनाला चटका लावतो.) कवीने आणि दिग्दर्शकाने कल्पनेने भरायच्या जागा भरल्या, तो त्यांचा हक्क. अडचण आपली आहे. पडद्यावरच्या पारोचे दागिने, नाच आणि गाणी यांनाच आपण इतिहास समजतो, आणि मग लेणापूरच्या खऱ्या मुलीचा विचार करायची गरजच उरत नाही. ती काय खात होती, कुणाच्या शेतावर राबत होती, साहेबाकडे जायला लागल्यावर तिच्या आईला पाणवठ्यावर काय ऐकावं लागलं असेल, हे सिनेमात नसतं.

हे आम्ही उगाच बोलत नाही. गावपातळीवर काम करताना वर्षाकाठी अशी दोन-तीन प्रकरणं तरी समोर येतातच. मुलगी एका समाजाची, मुलगा दुसऱ्या. बैठक बसते. बैठकीत मुलाचं शिक्षण, शेती, नोकरी सगळ्याची चौकशी होते आणि मुलीला मात्र मागच्या खोलीत बसवलेलं असतं. तिला काय वाटतं हे विचारायचं राहूनच जातं. एकदा तर आमच्याकडूनही राहिलं, आणि ते आठवलं की आजही लाज वाटते. दोन तास आम्ही दोन्हीकडच्या बापांना समजावत होतो. बाहेर पडताना दाराआड उभी असलेली ती दिसली तेव्हा लक्षात आलं, की तिच्याशी कुणीच बोललं नाही. पारोच्या मृत्यूची गावकऱ्यांनी सांगितलेली विहिरीची आणि विषाची कारणं खरी की खोटी हे सोडून द्या. पण ऐकणाऱ्या कुणालाही ती अशक्य वाटत नाहीत, यातच आपलं गाव कळतं. जॉन स्मिथने नाव कोरलं ती तारीख 28 एप्रिल. त्याच 28 एप्रिलला, 2014 साली, खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून मारून टाकलं गेलं आणि पुढे खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. पहिली तारीख पर्यटन पुस्तिकेत छापलेली असते. दुसरी आपल्यालाच लक्षात ठेवावी लागते.

पुन्हा गिलकडे येऊ. पारो गेली त्याच सुमारास त्याच्या हातात कॅमेरा आला. चित्रं चालूच होती, आता फोटोही. काचेच्या जड प्लेटा, रसायनं, बैलगाडी, अंधाऱ्या लेण्यात प्रकाश नेण्याची खटपट. 1864 मध्ये लंडनहून त्याच्या फोटोंची पुस्तकं फर्ग्युसनच्या मजकुरासह निघाली. एका पुस्तकात लेण्यांचे 74 फोटो होते. आपल्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध इथेच येतो. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला होता, आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वून नावाने ओळखला जाई. उतारवयात गिल वऱ्हाडात फिरला, लोणारची, मेहकरची जुनी देवळं त्याने कॅमेऱ्यात पकडली. आज ते फोटो पाहिले की पडझडीआधीचे खांब, कोरीव दारं दिसतात.

चित्रांचं मात्र वाईट झालं. जवळपास तीस मोठे कॅनव्हास त्याने लंडनला पाठवले. त्यातले बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. 30 डिसेंबर 1866 च्या आगीत ते जळाले. पाच वाचले, कारण ते तिथे नव्हते. ज्या कामापायी संसार विस्कटला, ज्या काळात पारो आली आणि गेली, ती सगळी वर्षं एका थंडीच्या दिवशी राख झाली. तेव्हा गिल बासष्टचा होता. पुढे 1872 पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. 1885 मध्ये लंडनलाच दुसरी आग लागून त्यातल्याही कितीतरी गेल्या. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश फासण्याचे उद्योगही याच नकलांच्या काळात झाले, त्याचा पिवळेपणा आजवर निघत नाही. म्हणजे वाचवायला आलेल्यांनी थोडं वाचवलं, थोडं बिघडवलं. भिंती मात्र अजून उभ्या आहेत.

गिलच्या आयुष्यात पारोनंतर आणखी एक स्त्री आली, अ‍ॅनी. तिच्यापासून त्याला दोन मुली झाल्या. हे सिनेमात येत नाही, कारण एकाच प्रेमावर आयुष्य ओवाळून टाकणारा साहेब आपल्याला हवा असतो. आम्ही हे गाडीत सांगितलं तेव्हा पोरांचा विरसच झाला. एकाने तर साहेबाला शिवीच घातली. आम्हाला मात्र तो इथेच जास्त माणसासारखा दिसतो: चाळिशीत एकाकी पडलेला, साठीतही कुणाची तरी सोबत शोधणारा, हातून जे निसटलं ते धरू न शकलेला. त्याच्यावर राग धरायचाच तर तो फ्रान्सिसच्या बाजूने धरावा. मुलं घेऊन परत गेलेल्या त्या बाईचं नाव अजिंठ्याला येणाऱ्या हजारांत एकालाही माहीत नसेल, आणि तिच्यावर कुणी काव्यही लिहिलेलं नाही.

आम्हाला राहून राहून एक वाटतं. गिल वीस वर्षं ज्या भिंतींसमोर बसला त्यांवर काय होतं? सोळाव्या लेण्यात नंदाची कथा आहे. बुद्धांचा धाकटा भाऊ नंद, त्याची नवीकोरी बायको सुंदरी. नंद बुद्धांमागे जातो तो परत येत नाही. दूत त्याचा मुकुट घेऊन येतो आणि ती बसल्या जागी कलंडते, सख्या तिला सावरतात. इंग्रजांनी त्या चित्राला मरणारी राजकुमारी म्हटलं, पण ती मरत नाहीये. ती मागे राहिली आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर आहे, दानापायी लेकरं आणि बायकोही देऊन टाकणारा राजपुत्र. आमच्या गाडीतल्या मुलींना तो बिलकूल पटला नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. आम्ही त्यांना जातककथांचा उद्देश समजावण्याचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर ते उत्तर आम्हालाच पुरेसं वाटलं नाही. दीड हजार वर्षांपूर्वी त्या चितारणाऱ्या हातांनी सुंदरीच्या चेहऱ्यावर जे दुःख ठेवलं, त्यात निदान एवढं तरी आहे, की कोण निघून गेलं याबरोबर कोण मागे उरलं हेही त्यांनी पाहिलं. तेच सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्खुसंघाला दिलं, आणि त्या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. बाभुळगावच्या पोरांना हे कुणी सांगत नाही. अजिंठा त्यांना दूरच्या मुलखातली वस्तू वाटते.

पारोने त्या भिंतींचा अर्थ गिलला सांगितला असं लोक म्हणतात. तिच्या काळी लेणापुरात बुद्धाचं नाव कुणी घेत असेल असं वाटत नाही. धम्म या मातीतून पुसला जाऊन शतकं झाली होती. ती मूर्तीला काय समजत असेल, कुठला देव समजून हात जोडत असेल? ती गेली 1856 मध्ये. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1956 च्या ऑक्टोबरात, नागपूरला आपल्या आज्या-आजोबांनी त्याच बुद्धाला शरण जात असल्याचं मोठ्याने म्हटलं. हा आकड्यांचा योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण गाडीत एका पोराने तो बोटांवर मोजून काढला आणि थोडा वेळ सगळे गप्प झाले.

गिल 1879 च्या एप्रिलमध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे नेताना वाटेतच वारला. वय चौऱ्याहत्तर. इंग्लंडहून आलेला हा माणूस पस्तीस वर्षं या डोंगराभोवतीच फिरत राहिला. भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे, दगडावर हुद्दा आणि पलटण आहे. पारो अजिंठ्यात, तो भुसावळला. फ्रान्सिस इंग्लंडात.

अजिंठा गावातल्या कबरीवर आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी वाहिलेली झेंडूची वाळकी फुलं होती आणि एका कोपऱ्यात कुणा जोडप्याने दगडावर खडूने आपली नावं लिहिली होती. आडनावाचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने ती ओढणीने पुसायला घेतली. मुलाचं नाव पुसलं, मग थांबली, आणि मुलीचं तसंच राहू दिलं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे ती उठली.